बेटावरच्या बंगल्याचं दार

आमच्या अंबरनाथजवळच्या जांभूळ गावच्या माणसाला परळ म्हणजे दवाखाना. ‘परळला न्यायला सांगितलंय’ एवढं वाक्य ओटीवरून ऐकू आलं की शेजारची बाई पदर खोचून दोन घरांचा स्वयंपाक करायला लागते, कारण त्या घरात आज चूल पेटणार नाही हे तिला कळतं. केईएम, वाडिया, टाटा ही नावं आमच्याकडच्या पिढ्यांनी देवळांच्या नावांसारखी पाठ केलेली आहेत. अंबरनाथला लोकल पकडायची, परळला उतरायचं, पूल चढून गर्दीबरोबर चालत राहायचं. या वाटेने मीही अनेकदा गेलो, घरच्यांना घेऊन गेलो, आणि एकदोनदा रिकाम्या हातांनी परतलो.

या सगळ्या इस्पितळांच्या शेजारी, आचार्य दोंदे मार्गावर, जुन्या झाडांच्या आड एक बंगला उभा आहे. पाटीवर नाव आहे हाफकिन इन्स्टिट्यूट. आमच्याकडे हाफकिन म्हटलं की लोकांना साप चावल्यावरचं इंजेक्शन आठवतं. पण त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जे घडलं, त्याचा एक धागा थेट आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत येऊन पोचतो, हे मला नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वाचायला सवड मिळाल्यावर कळलं. तेव्हापासून त्या वास्तूचं तेव्हाचं आणि आताचं रूप मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो आहे.

परळ हे पूर्वी बेट होतं. मुंबईच्या सात बेटांपैकी एक. भरतीला मधल्या खाजणांत पाणी शिरायचं आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जायला होडी लागायची. या बेटावर पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चर्च होतं. इंग्रजांचा या पाद्र्यांवर विश्वास नव्हता, जंजिऱ्याच्या सिद्दीला त्यांनी मदत केली असा त्यांचा संशय होता. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ईस्ट इंडिया कंपनीने ती मालमत्ता ताब्यात घेतली. पुढे १७७०च्या दशकात विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर तिथे राहायला आला आणि मठाचा बंगला झाला. चर्चच्या पोटातून जेवणघर आणि नाचाचा दिवाणखाना काढला. भोवती बाग, तळं, मोठाली झाडं. ज्या हॉर्नबीच्या नावाने महालक्ष्मीजवळचा बांध ओळखला गेला, तोच हा. बेटांच्या मधलं पाणी हटवायची सुरुवात ज्याच्या कारकिर्दीत झाली, तो स्वतः या बेटावरच्या बंगल्यात राहत होता. पुढे गव्हर्नर झालेल्या जोनाथन डंकनच्या काळात सायन आणि कुर्ला यांच्यामध्ये बांध घालून रस्ता झाला. ठाण्याकडून मुंबईत पायी उतरायची सोय आपल्या बाजूच्या माणसाला झाली ती तेव्हापासून.

१८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश हा स्कॉटिश विद्वान मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, म्हणून आला. डंकनने परळचा बंगला त्याला राहायला दिला. मॅकिंटॉशला गप्पांची, पुस्तकांची, वादांची सवय. मुंबईत त्याला यातलं काही मिळेना. त्या वर्षी २६ नोव्हेंबरला त्याने परळच्या बंगल्यात थोडी मंडळी जमवली आणि बॉम्बे लिटररी सोसायटीची स्थापना केली. त्याचं उद्घाटनाचं भाषण पुढे छापलं गेलं, आणि ते परळला वाचलं गेलं अशी नोंद त्यात आहे. चार्ल्स फोर्ब्ससारखा व्यापारी, हिंदू देवदेवतांवर पुढे मोठा ग्रंथ लिहिणारा एडवर्ड मूर, मॅकिंटॉशबरोबरच आलेला विल्यम अर्स्किन, गुजराती आणि मराठीच्या व्याकरणावर पुस्तक लिहिणारा डॉक्टर रॉबर्ट ड्रमंड, अशी सुरुवातीची मंडळी. या देशातला निसर्ग आणि या देशातला माणूस दोन्ही नीट पाहा, लिहून ठेवा, असं मॅकिंटॉशचं सांगणं होतं. पुढच्याच वर्षी पुस्तकसंग्रहाची सुरुवात झाली. आज फोर्टमध्ये टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण ज्या एशियाटिक सोसायटीत जातो, तिचा जन्म परळच्या या बंगल्यातला आहे.

त्या बैठकांची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. नोव्हेंबरची संध्याकाळ, बागेतून येणारा गारवा, पालखीतून किंवा बग्गीतून उतरणारे साहेब, दिव्यांच्या उजेडात वाचले जाणारे कागद. हेन्री सॉल्टने साष्टीतल्या लेण्यांचा वृत्तान्त लिहिला, अर्स्किनने घारापुरीच्या लेण्यांवर मोठा निबंध वाचला. त्यांची चिकाटी खरी होती. चिखल तुडवत, वटवाघळांच्या वासात उभं राहून त्यांनी मापं घेतली, मूर्ती रेखाटल्या. त्यांच्याआधी हे फार थोड्यांनी अशा पद्धतीने लिहून ठेवलं होतं आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण त्या खोलीत एकही भारतीय सभासद नव्हता. चर्चा लेण्यांची, जमिनीची, भाषांची, आणि ती भाषा बोलणारा माणूस बाहेर दिवा धरून उभा. सोसायटीच्या अहवालग्रंथांच्या तिसऱ्या खंडात, १८२३ साली, डॉक्टर थॉमस कोट्सने पुण्याजवळच्या लोणी गावाचं वर्णन छापलं. घरं कशी, भांडी किती, शेतं कुणाची, पिकं कोणती, कर्ज कुणाला, कुणबी सकाळी काय खातो आणि रात्री काय. आपल्याकडच्या एका साध्या खेड्याचं इतकं बारीक चित्र त्याआधीच्या लिखाणात मी तरी पाहिलेलं नाही. लोणीच्या पाटलाला किंवा कुळकर्ण्याला हे लिखाण कधी वाचून दाखवलं गेलं असेल, असं मात्र मला वाटत नाही.

दार उघडायला छत्तीस वर्षं लागली. १८४०मध्ये माणेकजी करसेटजी पहिले भारतीय सभासद झाले. त्याच सुमारास आपले बाळशास्त्री जांभेकर ताम्रपट आणि शिलालेख वाचून सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहीत होते. तोवर संस्था परळ सोडून टाउन हॉलमध्ये स्थिरावली होती आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली होती. मग आले डॉ. भाऊ दाजी लाड. पेशाने डॉक्टर, मनाने संशोधक. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दारावरच्या तुळईवर कोरलेला लेख त्यांनी वाचला आणि त्यावर सोसायटीत लिहिलं. त्यांना शक ७८२ असं वाचता आलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी अक्षरं पुन्हा तपासली आणि शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ ठरवला. शिलाहार राजा मम्मुणि याचा तो लेख. दोनशे वर्षांचा फरक एका अंकाने पडला आणि एका अंकाच्या वाचनाने मिटला.

लहानपणी महाशिवरात्रीला आम्ही जांभूळहून या देवळात चालत जायचो. वालधुनी नदीचं पाणी तेव्हा हात घालावं असं होतं. गाभाऱ्यात उतरायच्या पायऱ्यांवर गर्दी, आणि त्या गर्दीत ढकलले जात आम्ही बरोबर त्या तुळईखालून आत जायचो. वर काही लिहिलेलं आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींनाही ते ठाऊक नसावं. परळच्या दिवाणखान्यात सुरू झालेली विद्या फिरून आमच्या देवळाच्या दारापर्यंत आली होती, आणि दाराखालून जाणाऱ्या आम्हाला तिचा पत्ता नव्हता. या गोष्टीची हळहळ मला आजही वाटते.

बंगल्याकडे परत येतो. सोसायटी गेली तरी बंगला गव्हर्नरांकडेच होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात वास्तू वाढली. १८७५ साली इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, इथे उतरला होता. पण भोवतालचं परळ बदलत होतं. १८५३ला रेल्वे ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी कल्याणला, आणि १८५६पर्यंत आमच्या अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. परळला रेल्वेचा कारखाना आला, गिरण्या आल्या, गिरण्यांबरोबर कोकणातून आणि घाटावरून माणसं आली. खाजणं भरली गेली, दलदल मात्र राहिली. १८८२च्या जानेवारीत गव्हर्नर फर्ग्युसनची पत्नी कॉलऱ्याने गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत गव्हर्नरांनी परळ सोडलं आणि मलबार पॉइंटची हवा जवळ केली. ज्या आजाराने चाळीतली माणसं दर उन्हाळ्यात मरत होती, तो एकदा बंगल्यात शिरला आणि बंगला रिकामा झाला.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांना प्लेगचा पहिला रुग्ण ओळखता आला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेले, कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचण्याचं काम करून आलेले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका छोट्या जागेत त्यांनी काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी स्वेच्छेने ती घेतली. आगाखानांनी हाफकिनना जागा दिली, चारचौघांसमोर स्वतः लस टोचून घेतली. परळच्या बंगल्यात याच काळात प्लेगचं इस्पितळ उघडलं होतं. १० ऑगस्ट १८९९ रोजी त्याच बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं.

ही लस कशी बनायची ते मला फार जवळचं वाटतं, कारण त्यात तूप आहे. लोकांच्या धर्मभावनेला धक्का लागू नये म्हणून हाफकिनने गाय-डुकराच्या मांसाऐवजी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. त्या रसाने भरलेल्या काचेच्या चंबूत वर तुपाचे थेंब सोडायचे. थेंब तरंगत राहायचे, आणि त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबावेत तसे. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसायचे आणि वर नवे यायचे. काही आठवड्यांनी तो रस तापवून जंतू मारायचे, त्यात थोडं कार्बोलिक घालायचं आणि बाटल्या भरायच्या. नाचाच्या दिवाणखान्याच्या त्या वास्तूत तुपाचे हे चंबू ओळीने लागले. तिथून लस देशभर गेली.

हाफकिनचं पुढे जे झालं ते सांगायलाच हवं. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लशीने एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर टाकला गेला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना दूषित झाली होती हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडलं. तोवर त्या माणसाची उमेद मोडली होती. १९२५ साली संस्थेला त्यांचं नाव दिलं, ते हयात असतानाच. नंतर साहिबसिंग सोखे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १८०४ला ज्या खोलीत भारतीय माणूस सभासद म्हणूनही नव्हता, तिथे तो आता मुख्य होता.

पण माझ्या मते या वास्तूच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट लिस्टन यांच्या हातून झाली. विल्यम ग्लेन लिस्टन हे परळच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर. त्यांनी पिसवांकडे लक्ष वळवलं. चाळीत उंदीर मेले की त्यांच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे दाखवायला त्यांनी चाळीत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजल्या. १९०५पासून प्लेग कमिशनने परळच्या भागात यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि उंदीर, पिसू, माणूस ही साखळी पक्की झाली.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. प्लेगच्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या. ती सांगायची, ‘‘उंदीर परला का घर सोराचा.’’ उंदीर मरून पडलेला दिसला की त्याच दिवशी भांडीकुंडी घेऊन सगळं कुटुंब शेतावर, माळावर खोपट बांधून राहायला जायचं. पाऊस आला तरी घरात यायचं नाही. गावोगावच्या बायाबापड्यांनी मेलेल्या उंदरावरून जे ओळखलं होतं, त्याचं कारण परळच्या डॉक्टरांनी चाळीत शिरून शोधलं. बंगल्याच्या आत वाचलेल्या निबंधांपेक्षा बंगल्याबाहेर पडून चाळीच्या खोल्यांत मोजलेल्या पिसवा मला जास्त विद्वत्तेच्या वाटतात. विद्येला दार असतं, आणि ते कुठल्या बाजूला उघडतं यावर फार काही ठरतं, असं मी आता म्हणतो.

मी तो बंगला पहिल्यांदा पाहिला तो मामामुळे. मामा हाफकिनमध्ये प्रयोगशाळेतला सेवक होता आणि परळच्या एका चाळीत राहायचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला त्याच्याकडे पाठवायचे. जांभूळहून अंबरनाथ स्टेशन गाठायचं ते पायी, उन्हं चढायच्या आत. गाडीत कोळशाचा नाही, पण लोखंडाचा आणि माणसांचा वास. परळला उतरलं की पहिला ऐकू यायचा तो गिरणीचा भोंगा. पाळी सुटली की रस्ताभर गिरणीतली माणसं, अंगावर कापसाचे तंतू, हातात डबा. मामाच्या चाळीत पहाटे भोंग्यावरच लोक उठायचे, घड्याळ फक्त दोन घरांत होतं.

मामाने एकदा साहेबांची परवानगी काढून आम्हाला आत नेलं. जाड भिंती, उंच कमानी, आत गेल्यावर उन्हाळ्यातही अंगाला लागणारा गारवा. मी हळू बोलायला लागलो, तर मामा म्हणाला, ‘‘अरे बाबा, देऊळ नाही हे, बोल की.’’ मग त्याने सापांचा विभाग दाखवला. एका माणसाने नाग मानेशी धरला, काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यावर त्याचे दात टेकवले, आणि पिवळसर थेंब आत पडले. तेवढ्याने काय होतं, असं मी विचारलं. मामाने सांगितलं ते अजून आठवतं. हे विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो, आणि तो उतारा माणसाला देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांसाठी मिळून एकच औषध. मला ते जादूसारखं वाटलं, कारण आमच्याकडे साप चावला की मांत्रिकाकडे नेत. भातकापणीच्या दिवसांत पेंढ्याखाली घोणस निघायची, पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्याला मण्यार चावायची आणि सकाळी माणूस उठायचाच नाही. त्या सुट्टीहून परत आल्यावर मी गावात सगळ्यांना सांगत सुटलो की मांत्रिकाकडे नेऊ नका, परळला औषध आहे. लहान पोराचं कोण ऐकतं! पण पुढे काही वर्षांनी आमच्या भावकीतल्या एका माणसाला घोणस चावली तेव्हा त्याला थेट दवाखान्यात नेलं आणि तो वाचला. कुपीवर हाफकिनचं नाव होतं. माझ्या वडिलांनी ती रिकामी कुपी बरेच दिवस देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती.

१९७५ साली संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, शिक्षण आणि चाचण्या एकीकडे राहिल्या, औषधं बनवण्याचं काम वेगळ्या महामंडळाकडे गेलं. मामा निवृत्त होऊन गावी आला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळचा भोंगा हळूहळू बंदच पडला. मामाची चाळ आता नाही. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पूर्वी बंगल्याच्या कमानीतून वर पाहिलं की गिरणीची चिमणी दिसायची, आता चाळीस-पन्नास मजले दिसतात. इस्पितळांसमोरच्या फुटपाथवर मात्र रुग्णांचे नातेवाईक अजून तसेच झोपतात, उशाशी फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि त्यांत आमच्या तालुक्यातलं कुणी ना कुणी असतंच.

मध्यंतरी मी पुन्हा त्या आवारात गेलो. दारावर नाव, वेळ, काम लिहून द्यावं लागलं. झाडं आहेत, कमानी आहेत, जाड भिंतींचा गारवाही तोच. संस्थेच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, जुनी उपकरणं, छायाचित्रं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. याच वास्तूत १८०४ला सभा भरली होती, हे किती जणांना ठाऊक असेल असं वाटून गेलं. इतिहासाचे विद्यार्थी एशियाटिकमध्ये जातात, विज्ञानाचे हाफकिनमध्ये. एकाच घरात जन्मलेल्या दोन विद्या आता एकमेकींना ओळखत नाहीत.

मुंबई बेटावर विद्येला जागा देणारा आणखी एक बंगला होता, पेडर रोडवरचा केनिलवर्थ. १९४५च्या ऑक्टोबरात टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरहून मुंबईत आली ती या बंगल्याच्या अर्ध्या भागात भाड्याने. होमी भाभांचा जन्मही याच घरातला. तिथून ती १९४९मध्ये जुन्या यॉट क्लबात आणि १९६२मध्ये कुलाब्याच्या समुद्राकाठी स्वतःच्या इमारतीत गेली. दामोदर धर्मानंद कोसंबी या संस्थेत गणित शिकवायला आणि संशोधन करायला पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करायचे. ती गाडी बदलापूर-अंबरनाथवरून धडधडत जायची, आमच्याकडे थांबायची नाही. आमच्या बापजाद्यांनी भात लावताना मान वर करून ती पाहिली असेल, आणि आत बसलेला माणूस त्यांच्यासारख्या शेतकऱ्यांच्या देवांवरून, दगडांवरून, नाण्यांवरून इतिहास नव्याने मांडत होता.

जगात अशा वास्तू लोकांनी जपल्या आहेत. व्हेनिसच्या सॅन जॉर्जो माजोरे या बेटावरही जुना मठ होता, सैन्याच्या वापराने खराब झालेला. १९५१ साली व्हित्तोरिओ चिनीने तिथे प्रतिष्ठान काढलं, आणि आज तिथे जगभरचे अभ्यासक बैठकांना जमतात. आपल्याकडे सिमल्याचा व्हाइसरॉयचा वाडा १९६५ला उच्च अध्ययन संस्थेला दिला गेला. परळचं वैभव यांच्यापेक्षा कमी नाही, सिमल्याच्या वाड्यापेक्षा वय तर जास्तच आहे. सॅन जॉर्जो अजून बेट आहे, होडीने जावं लागतं. आपलं परळ बेट होतं याची खूणच उरली नाही. १९३१ साली रस्त्याचं काम करताना परळला जमिनीतून शिवाची भव्य प्राचीन मूर्ती निघाली, ती आज बारादेवीच्या देवळात आहे. म्हणजे पाद्र्यांच्याही आधी, हजार-दीड हजार वर्षांपूर्वी, या बेटावर मोठं देऊळ असावं.

माझी एक इच्छा आहे आणि ती मी दोन्ही संस्थांच्या जाणत्या लोकांपुढे ठेवतो. दर वर्षी २६ नोव्हेंबरला एशियाटिक सोसायटीची एक बैठक परळच्या त्या जुन्या दिवाणखान्यात भरावी. मराठीत भरावी. निबंध वाचणारे गावांतून यावेत. कोट्सच्या लोणीवर, म्हणजे लोणीकंदवर, समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्यांनी सव्वाशे वर्षांनी पुन्हा काम केलं, ते गाव तेव्हा कसं होतं आणि आता कसं आहे यावर १९६० साली पुस्तक काढलं. तसं प्रत्येक तालुक्यातल्या एका गावाचं तेव्हा आणि आता त्या खोलीत वाचलं जावं, आणि वाचणारा त्याच गावचा असावा. गावची म्हातारी माणसं समोरच्या रांगेत बसलेली असावीत, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला.

जांभूळचा मजकूर मी लिहायला घेतला आहे. झिनी आणि कोळपी भात कुठल्या शेतात चांगलं यायचं आणि तिथे आता काय उभं आहे, ते एका वहीत आहे. १९७२ला बारवी धरण झालं, मग आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रातून उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीपर्यंत पाणी जायला लागलं, आणि त्यासाठी कुणाकुणाच्या जमिनी गेल्या ते दुसऱ्या वहीत. प्लेगच्या वर्षी खोपटं कुठल्या माळावर पडली होती ते सांगणाऱ्या एक आजी अजून आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, पण त्या बोट दाखवून जागा नेमकी सांगतात. पाऊस उघडला की त्यांच्या नातवाबरोबर तिथे जाऊन गट नंबर लिहून घ्यायचा आहे, आणि सातबारा काढायला तलाठी कार्यालयात अर्ज द्यायचा आहे.